रा. रा. रिकामी जागा यांस

पत्राच्या पहिल्या ओळीवरून लिहिणाराचे कूळ, शील आणि पंतोजी ही तिन्ही ओळखता येतात अशी ज्या समाजाची समजूत होती, आणि ‘तीर्थरूप’ व ‘तीर्थस्वरूप’ यांतला भेद चुकल्याबद्दल ज्या समाजातल्या मुलांनी वडीलधाऱ्यांच्या हातचा प्रसाद मुकाट्याने खाल्ला, त्या समाजातल्या गिरगावच्या एका वयोवृद्ध गृहस्थांना हल्ली रोज पहाटे, दूधवाला येण्याच्याही आधी, ‘हाय दत्तात्रय’ अशी हाक येते. आई त्यांना दत्तू म्हणे, थोरले बंधू दत्ता म्हणत, आणि चाळीत तर ते गेली कित्येक वर्षे नाना आहेत. ‘दत्तात्रय’ असा अखंड उच्चार शाळेत हजेरी घेताना आणि वडील संतापले असताना, अशा दोनच प्रसंगी होई. त्यामुळे ती अक्षरे वाचताच, आपल्या हातून काहीतरी घडले असले पाहिजे, हाच विचार नानांच्या मनात प्रथम येतो. घडलेले इतकेच असते की, कधीकाळी त्यांनी विजेवर चालणारी एक किटली घरपोच मागवली होती, आणि ती विकणाऱ्या दुकानाला आता त्यांना दुसरी किटली विकावयाची असते.

मायना हे शास्त्र होते. पेशवाईतल्या दफ्तरांत ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ कोणास लिहावे, नुसते ‘राजश्री’ कोणास पुरे, वेदशास्त्रसंपन्न कोण, ‘मेहेरबान’ कोण, ‘स्वामींचे सेवेसी’ कोठे आणि ‘आशीर्वाद’ कोठे, हे ठरलेले असे. पत्रांचे नि हिशेबांचे असले नियम सांगणारी मेस्तके कारकुनांच्या पाठात असत, आणि तसले एक मेस्तक हेमाडपंतांच्या नावावर मोडते. मायन्यात एक पायरी उतरली तर सरदार रुसे आणि एक पायरी चढली तर शेजारचा सरदार रुसे. पेशवाई गेली तरी शास्त्र राहिले, आणि ते पोस्टकार्डावर आले. मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसाबाहेर बैठक मांडून बसणारे पत्रलेखक परक्यांसाठी पत्रे लिहीत, तेव्हा गिरणीतला कामकरी ‘घरी लिहा’ एवढेच म्हणाला तर पत्र पुढे सरकत नसे. घरी म्हणजे कोणाला? आईला की थोरल्या भावाला? वहिनी सौभाग्यवती की गंगाभागीरथी? धाकट्याचे लग्न झाले की व्हावयाचे आहे? ही चौकशी पुरी झाल्यावर मगच दौतीत टाक बुडे. म्हणजे मजकूर ‘दहा रुपये पाठवले आहेत, पावल्याचे कळवावे’ एवढाच असला तरी त्याच्या डोक्यावर अख्ख्या कुटुंबाची खानेसुमारी उभी असे.

याच विद्येचा अर्वाचीन अवतार माझ्या भाच्याच्या उपजीविकेचे साधन आहे. लोअर परळमध्ये जेथे पूर्वी साच्यांचा खडखडाट चाले आणि १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर जो हळूहळू कायमचाच थांबला, तशाच एका गिरणीच्या आवारात हल्ली काचेच्या भिंतींची कचेरी आहे. तेथे बसून तो निरनिराळ्या दुकानांच्या वतीने हजारो लोकांना दर आठवड्याला आपुलकीची पत्रे लिहितो. पत्र तो एकच लिहितो. त्यात ज्या ठिकाणी माणसाचे नाव यावयाचे तेथे महिरपी कंसांत ‘फर्स्टनेम’ असे लिहून ठेवतो, आणि यंत्र त्या कंसांच्या जागी यादीतले एकेक नाव बसवीत जाते. “मामा, नावानं हाक मारली की माणूस पत्र उघडतो,” असे त्याने मला मोठ्या विश्वासाने सांगितले. मी म्हटले, “बाळ, नावाने हाक मारली म्हणून पत्र उघडतो, की आपले नाव कोणा परक्याच्या तोंडी आले कसे या धास्तीने उघडतो?” यावर त्याने शांतपणे उत्तर दिले की, ओपन रेटमध्ये दोन्ही एकत्रच मोजले जातात.

यादीत नावे कशी येतात हा मात्र स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. शाळेच्या पटावर आडनाव प्रथम लिहिण्याचा शिरस्ता ज्यांच्या हाडीमासी खिळला आहे त्यांनी नावाच्या चौकटीत आडनाव भरलेले असते, म्हणून त्यांना ‘हाय पाटणकर’ असे, फौजदाराने चावडीवर पुकारावे तसे, संबोधन येते. काही सभ्य गृहस्थ प्रथम ‘श्री.’ लिहितात; यंत्र पहिला शब्द उचलते आणि त्यांस ‘हाय श्री’ असे लिहून मोकळे होते. कोणी मिठाईच्या दुकानात सवलतीच्या लोभाने, परंतु खरे नाव न देण्याच्या सावधगिरीने, ‘एबीसी’ असे भरतो आणि त्याच्या वाढदिवशी एबीसीला उदंड आयुष्य चिंतिले जाते. ज्यांनी चौकट रिकामी सोडली त्यांच्यासाठी पर्यायी शब्द नेमून द्यावयाचा असतो, आणि तो नेमावयाचा राहिला की त्या लोकांच्या हाती ‘प्रिय फर्स्टनेम’ असे पत्र, महिरपी कंसांसह, जसेच्या तसे पडते. हे पत्र मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

नावाचा प्रश्न आपल्याकडे जरा नाजूकच आहे. ज्या घरांतून बायकोने नवऱ्याचे नाव घ्यावयाचे म्हणजे उंबरठा अडवला गेला पाहिजे, नणंदा जमल्या पाहिजेत, आणि तेही यमक जुळवून, लाजत, एकदाच घ्यावयाचे, त्या घरांत हे यंत्र घरधन्याचे नाव दिवसातून तीन वेळा, विनायमक आणि विनासंकोच, घेऊन जाते. दादरच्या आमच्या एका वृद्ध आतेबहिणीने यजमानांच्या फोनवरचे असले एक पत्र पाहून, “ही कोण मेली ह्यांना नावानं हाक मारते?” अशी जी विचारणा केली, तिचे समाधान करण्यात एक अख्खी संध्याकाळ खर्ची पडली, कारण ‘ही’ कोणी नाही, यंत्र आहे, असे सांगताच तिने “मग यंत्राला ह्यांचा वाढदिवस कसा कळला?” असा प्रतिप्रश्न केला, आणि त्याला समाधानकारक उत्तर यजमानांपाशीही नव्हते.

तथापि रिकाम्या जागेत नाव भरण्याची युक्ती परळच्या काचेच्या कचेरीत जन्मली असे कोणी मानू नये. ती गिरगावात कांदेवाडीत जन्मली असे मी अभिमानाने म्हणतो, आणि म्हणताना मला गिरगावकर असल्याचा मोह आवरत नाही हेही नमूद करून ठेवतो. कांदेवाडीतल्या लग्नपत्रिकांच्या दुकानांतून गणपतीचे चित्र, कुलदेवतेचे नाव, ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ वगैरे सर्व मजकूर छापून येई आणि वर ‘रा. रा.’ नंतर ठिपक्यांची एक लांबलचक ओळ मोकळी सोडलेली असे. ती ओळ भरण्यासाठी चाळीतला सर्वांत वळणदार अक्षराचा इसम हेरला जाई. बहुधा तो कोणा सरकारी कचेरीतला आवक-जावक कारकून असे. त्याला गॅलरीत खुर्ची, पुढ्यात पाट, पाटावर पत्रिकांचा ढीग, डाव्या हाताशी चहा. बाजूला वधूपिता यादी घेऊन बसे आणि नाव पुकारी. परंतु नाव पुकारून काम भागत नसे, कारण कारकून लेखणी वर धरूनच विचारी : सहकुटुंब की सहकुटुंब सहपरिवार? या एका शब्दावर पंगतीतल्या चार पानांचा हिशेब अवलंबून असल्यामुळे वधूपिता क्षणभर छताकडे पाही, आणि आतून वधूमाता, “त्यांनी आपल्या मुंजीत काय लिहिलं होतं ते बघा,” असे सांगे. मग जुनी पत्रिका शोधली जाई, कारण ती जपून ठेवलेली असे, आणि ती असल्याच वेळी बाहेर काढण्यासाठी जपलेली असे.

यादीचे वर्गीकरण म्हणावे तर ते या गॅलरीत पराकोटीला पोचले होते. कुंकू-अक्षत घेऊन स्वतः जावयाचे कोणाकडे, पत्रिका हाती द्यावयाची कोणास, टपालाने धाडली तर चालेल कोणास, आणि धाडूनही जो येऊ नये अशी मनीषा आहे त्याला ती किती उशिरा टाकावी, हे सर्व एका फुलस्केप कागदावर लाल-निळ्या खुणांनी मांडलेले असे. एवढ्यातूनही जे सुटत त्यांच्यासाठी वर्तमानपत्रात छापावयाचे, की नजरचुकीने पत्रिका न मिळाल्यास हेच आमंत्रण समजून अगत्य येण्याचे करावे. आपुलकीचा याहून स्वस्त दर मला ठाऊक नाही. सागरापलीकडे १९७८ च्या मे महिन्यात गॅरी थुर्क नावाच्या एका विक्री-अधिकाऱ्याने आपल्या कंपनीची संगणकयंत्रे पाहावयास यावे असे निमंत्रण आर्पानेटवरच्या सुमारे चारशे लोकांना एकाच संदेशाने धाडले, आणि पत्ते इतके झाले की ते आपल्या रकान्यात न मावता खालच्या मजकुरात वाहत आले. या कृत्यास जगातला पहिला नको असलेला व्यापारी ई-मेल म्हणतात. लोकांनी आरडाओरडा केला, वरून समज मिळाली, आणि तरीही माल विकला गेला असे तो गृहस्थ पुढे सांगत असे. कांदेवाडीत त्याने एक लग्नसराई उमेदवारी केली असती तर पत्ते तरी मजकुरात सांडले नसते.

ग्राहकांना धरून ठेवण्यासाठी नियमाने काही वाचावयास धाडावे, ही कल्पनाही आपल्याला परकी नाही. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढली ती मुळात नांगर आणि चरक घेणाऱ्या-विकणाऱ्या मंडळींपर्यंत पोचावे म्हणून. पण शंकरराव किर्लोस्करांच्या हाती ती पडली आणि वाढता वाढता तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, तिच्या पाठीवर १९३० साली ‘स्त्री’ आले, नंतर ‘मनोहर’ आले, आणि नांगराच्या फाळाशी ज्यांचा जन्मात संबंध यावयाचा नव्हता असे दादरचे मास्तर नि गिरगावच्या मास्तरणी पदरचे पैसे भरून वर्गणीदार झाल्या. भाच्याला हे सांगितले तेव्हा त्याने डोळे विस्फारून विचारले, “जाहिरातीसाठी लोक पैसे भरायचे?” मी म्हटले, भरत असत, कारण पत्रात नावाखाली काहीतरी लिहिलेलेही असे.

खरे कसब मात्र लिहिणारांचे नव्हेच. ते पाहावयाचे तर दादरला रानडे रोडच्या आसपास एखाद्या साड्यांच्या दुकानी, गादीवर बसलेल्या जुन्या विक्रेत्याकडे पाहावे. बाई आत शिरतात न शिरतात तोच तो, “या वहिनी, मागल्या खेपेस जाऊबाईंना नारायणपेठ नेलीत, ती आवडली ना त्यांना?” असे विचारतो. या एका प्रश्नात पूर्वीच्या खरेदीची नोंद आहे, कुटुंबाचा तपशील आहे, आणि जावेला नेली त्याहून हलकी साडी आज स्वतःसाठी घेणे वहिनींना जड जावे अशी अत्यंत मुत्सद्देगिरीची योजनाही आहे. यंत्रापाशी नोंदी याच्या शतपट असतात. पण अक्कल अशी की, ज्याने काल मंगळसूत्र घेतले त्याला आठ दिवसांनी ‘आपल्या आवडीची आणखी काही मंगळसूत्रे’ दाखवावी. संसारी माणसाने ते पत्र बायकोच्या नजरेस पडण्यापूर्वी नाहीसे करावे की तिलाच दाखवून आपली निरागसता सिद्ध करावी, याचा निर्णय त्याने स्वतःच घ्यावयाचा असतो.

हेरगिरीच्या बाबतीत मात्र यंत्र पुढे गेले आहे हे कबूल केले पाहिजे. पत्रिका घेऊन गेलेला गडी परत आला की त्याला ‘घरी कोण होते, वाचली का, काय म्हणाले’ असे विचारीत. आता पत्रातच टिंबाएवढे, डोळ्याला न दिसणारे एक चित्र दडवून ठेवतात, आणि पत्र उघडताच ते चित्र धन्याकडे मागणी करावयास गेल्यामुळे, नानांनी पत्र पहाटे पाच वाजता उघडले, दुपारी पुन्हा उघडले, ही बातमी परळला पोचते. नाना ते पुन्हा उघडतात ते पुसून टाकण्याचे बटण शोधण्यासाठी, हे परळला कळत नाही. तेथे नाना ‘अत्यंत उत्सुक’ या सदरात जमा होतात. २०२१ पासून ॲपलने ही चित्रे स्वतःच आधी उघडून ठेवण्याची सोय केली, तेव्हापासून न वाचलेली पत्रेही वाचल्यासारखी दिसू लागली आणि भाच्याच्या कचेरीत काही दिवस मोठा आनंद पसरला होता, असे ऐकतो.

लालबाग-परळच्या गणेशोत्सव मंडळांची पोरे पावतीपुस्तक घेऊन चाळींतून फिरतात तेव्हा त्यांच्यापाशी असले कोणतेही चित्र नसते. लालबागच्या राजाचे मंडळ १९३४ चे, गिरगावच्या केशवजी नाईकांच्या चाळीतला उत्सव तर १८९३ चा. एवढ्या वर्षांत यादी पिढीजात झालेली आहे. कोणत्या खोलीत बढती झाली, कोणाचा मुलगा दुबईला गेला, कोणी गेल्या वर्षी ‘पुढल्या वर्षी बघू’ म्हटले होते, हे दारात उभे राहण्यापूर्वीच ठाऊक असते, आणि “काका, यंदा पाच आकडी लिहू ना?” हा प्रश्न इतक्या लडिवाळपणे येतो की चार आकडी वाचले याचेच काकांना समाधान वाटावे. या यादीतून नाव कमी करण्याची सोय नाही. डोंबिवलीला बिऱ्हाड हलवले तरी पोरे लोकलने येतात. पण मजला चढताना, अमुक खोलीत सूतक आहे असे कळले, की तीच पोरे आवाज न करता ते दार ओलांडून पुढे जातात. पावती पुढल्या वर्षी. यंत्राच्या यादीत सुतकाचा रकाना नाही. ज्यांचे वर्षश्राद्धही होऊन गेले अशा माणसांना ते दरसाल ‘जीवेत् शरदः शतम्’ लिहिते आणि सोबत वीस टक्के सूटही देते. मुलाने ते पत्र उघडून पाहावे, काही वेळ तसेच धरून ठेवावे आणि यादीतून वडिलांचे नाव कमी करण्यासाठी खालचे बटण दाबावे, तर यंत्र विचारते, ‘आपण का जात आहात?’

गेल्या दिवाळीपूर्वी भाचा मजकडे आला तो फराळ विकणाऱ्या एका नव्या कंपनीचे काम घेऊन. पत्र मराठीत धाडावयाचे होते आणि ‘हाय’ला मराठी प्रतिशब्द हवा होता. मी त्याला मायन्यांचे कोष्टक काढून दिले, तेव्हा तो हताश होऊन म्हणाला, “मामा, लिस्टमध्ये नाव, ई-मेल, काय घेतलं नि कधी घेतलं एवढंच आहे. वय, लग्न, काही नाही. आणि विचारायचं तर का विचारतो ते सांगून संमती घ्यावी, असं २०२३ चा कायदा सांगतो.” मी म्हटले, विचारू नकोस, कधी काय घेतले ते आहे ना? मग २०२३ च्याच अधिक श्रावणात ज्यांनी तेहतीस अनारसे मागवले त्यांची नावे काढ. त्याने ती काढली. म्हटले, अधिक मासात मोजून तेहतीस अनारसे माणूस जावयाला वाण द्यावयासाठीच मागवतो. ज्याला जावई आहे तो वयाने तुझ्याहून वडील. सबब त्यास ‘तीर्थस्वरूप’ आणि ‘साष्टांग नमस्कार’. भाचा खुर्चीतून उठून उभाच राहिला. “मामा, हे तर सेगमेंटेशन!” तो म्हणाला, आणि आमच्या आजीला हे ऐकावयास मिळाले नाही याचे मला वाईट वाटले, कारण तिला शेजारणीच्या सुपातल्या सामानावरून तिच्या घरी मंगळागौर आहे की डोहाळजेवण हे जिन्यावरूनच सांगता येत असे.

पत्रे गेली. शिवडीच्या एका अविवाहित तरुणाने, आपण अनारसे केवळ आवडतात म्हणून मागवले होते, आपणास तीर्थस्वरूप करण्याचे कारण काय, अशी तक्रार नोंदवली, आणि तेहतीस अनारसे एकट्याने खाणाऱ्या माणसाकरिता मायना शास्त्रात नाही असे मी भाच्याला खासगीत कळवले. बाकी सर्वत्र शांतता होती. अपवाद दादर हिंदू कॉलनीतल्या एका आजींचा. त्यांनी त्या पत्राला उत्तर लिहिले : चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद, पत्र पावले, आजकालच्या मुलांत अशी रीत राहिलेली नाही, तू कोणाचा, मूळचे कोठले, लग्न झाले का. ‘या पत्त्यावर उत्तर धाडू नये’ असे ज्याचे नावच आहे त्या पत्त्यावर ते गेले आणि तत्काळ परत आले. आजींना तो टपालखात्याचा हलगर्जीपणा वाटला, म्हणून त्यांनी पत्राच्या तळाशी छापलेल्या क्रमांकावर फोन केला, आणि ज्याने साष्टांग नमस्कार लिहिला त्याने पाडव्याला येऊन तो प्रत्यक्ष घालावा असे फर्मावले. काचेच्या कचेरीत यावर बैठक भरली. असे प्रकरण पूर्वी न घडल्यामुळे ते विक्रीकडे जावे, तक्रारीकडे जावे की कायदेशीर सल्लागाराकडे, याचा निर्णय होईना. अखेर भाच्यालाच पाठवावे असे ठरले आणि जाण्या-येण्याचे टॅक्सीभाडे मंजूर झाले.

भाचा जाऊन, वाकून नमस्कार करून, दोन वाट्या चिवडा आणि एक स्थळ घेऊन आला. निघताना आजींनी त्याला बजावले की, पत्र छान लिहितोस, पण तुमच्या चकल्या मऊ पडतात, भाजणीत उडीद जास्त होतात, आणि मोहन घालताना तेल कडकडीत नसते. हे आत सांग. कचेरीत परतल्यावर भेटीचा वृत्तान्त भरावयाचा तक्ता त्याने उघडला. त्यात ‘ग्राहक समाधानी आहे काय’ यापुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोनच चौकोन असल्यामुळे त्याने ‘होय’वर खूण केली, आणि चकल्या अद्याप मऊच आहेत.